गवताचे फादर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये गवतावर लेख! पान उलटायला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण मित्रांनो, आज मेसमध्ये काय खाल्लं त्याचा जरा हिशोब करा. भात म्हणजे धान, आणि धान हे गवत. पोळीचा गहू गवत. ज्वारी गवत. चहातली साखर उसाची, आणि ऊसही गवतच. ज्या बांबूला आपण झाड समजतो तोसुद्धा गवत. आपला भंडारा जिल्हा धानाचा म्हणून ओळखला जातो. म्हणजे जिल्हाच एका गवतावर उभा आहे असं म्हणायला हरकत नाही.

या गवतांच्या मागे आयुष्यभर लागलेला एक माणूस होता. तो मराठी नव्हता, भारतीयही नव्हता. स्वित्झर्लंडमधून मुंबईत आलेला एक जेझुइट पाद्री. नाव फादर एथेलबर्ट ब्लॅटर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे फादर आणि सिस्टर यांची मला लहानपणापासून सवय. प्रार्थना, शिस्त, इंग्रजी ग्रामर यांच्याशी त्यांचं नातं माहीत होतं. पण एखादा फादर पाठीवर पिशवी टाकून घाटात गवत उपटत फिरत असेल, अशी कल्पना कधी केली नव्हती. शाळेच्या लायब्ररीत 'सम ब्युटिफुल इंडियन ट्रीज' नावाचं जुनं पुस्तक होतं. त्यावर ब्लॅटर आणि मिलार्ड अशी दोन नावं होती. तिथून हा माणूस माझ्या डोक्यात बसला, तो अजून उठलेला नाही.

देश सोडून आलेला मुलगा

ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ चा. गाव रेबस्टाइन, स्वित्झर्लंडच्या सेंट गालन प्रांतात. १८९६ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. इथे एक गंमत आहे. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये जेझुइट संघावर चक्क राज्यघटनेने बंदी होती. १८४८ च्या घटनेत आलेली ती बंदी १९७३ साली लोकांनी मतदान करून उठवली. म्हणजे ज्या मुलाला जेझुइट व्हायचं असेल, त्याला शिक्षणासाठी देशाबाहेर पडणं भाग होतं. ब्लॅटर बाहेर पडले ते १९०३ च्या सुमारास मुंबईला, सेंट झेवियर्स कॉलेजात येऊन पोचले.

तेव्हा मुंबईचं हे मिशन जर्मन जेझुइटांकडे होतं आणि स्विस मंडळी त्यांच्यातच मोडायची. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन म्हणजे इंग्रजांचे शत्रू, त्यामुळे जर्मन फादर मंडळींना आधी नजरकैद झाली आणि मग मायदेशी पाठवण्यात आलं. स्वित्झर्लंड मात्र तटस्थ देश. त्यामुळे स्विस फादरांना इथे काम करता आलं. ब्लॅटर १९१९ ते १९२४ या काळात झेवियर्सचे प्रिन्सिपॉल होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही झाले. पासपोर्ट वेगळ्या रंगाचा असता तर महाराष्ट्राच्या गवतांचा अभ्यास कदाचित आणखी वीस वर्षं मागे पडला असता.

वनस्पतिशास्त्राचं वेड स्वित्झर्लंडला जुनंच आहे. जिनिव्हाचे ऑग्युस्तँ द कँदोल यांनी १८१३ मध्ये 'टॅक्सॉनॉमी' हा शब्द रूढ केला. १८२४ मध्ये त्यांनी जगातल्या वनस्पतींची यादी करायला घेतली. ते गेल्यावर मुलगा अल्फाँसने ती पुढे चालवली आणि १८७३ मध्ये सतराव्या खंडावर आणून थांबवली. बापाने सुरू केलेलं सबमिशन मुलाने एकोणपन्नास वर्षांनी केलं म्हणा ना. याच अल्फाँसने १८६७ मध्ये वनस्पतींना नावं देण्याचे नियम लिहिले. आज आपण ज्याला स्टँडर्ड किंवा कोड म्हणतो तोच प्रकार. आपल्या जंगलातल्या धावड्याचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकात काढून पाहा. त्याच्या शेपटाला 'डीसी.' अशी दोन अक्षरं दिसतील. ती द कँदोलची सही आहे. ब्लॅटर यांची सही 'ब्लॅट.' अशी असते.

आधीचा माणूस इंजिनिअर होता

ब्लॅटर मुंबईत आले तेव्हा मैदान रिकामं नव्हतं. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबईच्या आसपासच्या वनस्पतींची यादी केली होती. डालझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा. (फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशात उगवणाऱ्या सगळ्या वनस्पतींचं वर्णन करणारा ग्रंथ.) पण सगळ्यात मोठं काम थिओडोर कुक यांचं. आणि आपल्यासाठी बातमी अशी की हे कुकसाहेब इंजिनिअर होते.

कुक हे मूळचे आयर्लंडचे, जन्म १८३६. डब्लिनला गणित आणि इंजिनिअरिंग शिकून १८६० मध्ये बीबी अँड सीआय रेल्वेत नोकरीला आले आणि वसईच्या लोखंडी पुलाचं काम त्यांनी केलं. १८६५ मध्ये ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. तेच कॉलेज पुढे कॉलेज ऑफ सायन्स झालं आणि आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथूनच परीक्षा पास झाले, तेव्हा खुर्चीत कुकच होते. तिथे शेती आणि जंगल हे विषयही शिकवत, त्यामुळे बॉटनी कॉलेजच्या दारातच होती. १८९० मध्ये बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झाला आणि पश्चिम भारताचं काम या कॉलेजकडे आलं. पूल बांधणारा माणूस पानं-फुलं मोजायला लागला. रिटायर झाल्यावर लंडनजवळच्या क्यू बागेत बसून त्यांनी 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागांनी निघाला. १९१० मध्ये कुक वारले.

या ग्रंथातली एक छोटी खूण मला फार आवडते. प्रत्येक वनस्पतीखाली ती कुठे सापडली आणि कोणी गोळा केली ते लिहिलेलं असतं, आणि माणसाच्या नावापुढे उद्गारचिन्ह. 'वुड्रो!' 'कानिटकर!' हे आश्चर्य नाही. त्याचा अर्थ, 'या माणसाने आणलेला नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे.' आपल्या ड्रॉइंग शीटच्या कोपऱ्यात 'चेक्ड बाय' असतं ना, तेच. ज्याने पाहिलं नाही त्याने उद्गारचिन्ह टाकायचं नाही, इतका साधा नियम.

शीट म्हणजे काय

आता हा नमुना म्हणजे नक्की काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

रोप फुलासकट, जमलं तर मुळासकट काढायचं. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरून ठेवायचं. अशा बऱ्याच घड्या एकावर एक रचून दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळायच्या. कागद ओलावा शोषतो, म्हणून तो रोज बदलायचा. पावसाळ्यात हे काम म्हणजे छळ, कारण कागदच ओला असतो आणि नमुन्याला बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर रोप जाड कागदावर चिकटवायचं किंवा टाके घालून बसवायचं. किडीने खाऊ नये म्हणून पूर्वी त्यावर पाऱ्याचं विषारी द्रावण लावत. आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. त्यात गाव, तारीख, जमीन कशी होती, फुलाचा रंग काय होता (वाळल्यावर रंग उडतो म्हणून) आणि गोळा करणाऱ्याचं नाव.

ही झाली हर्बेरियम शीट. अशा शीट्सचं कपाटबंद भांडार म्हणजे हर्बेरियम. झेवियर्समध्ये ते १९०६ मध्ये सुरू झालं. आज त्याला ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात आणि तिथे एक लाखाहून जास्त नमुने आहेत.

कोणी म्हणेल, फोटो काढला की झालं की! मोबाइल सगळ्यांकडे आहे. पण फोटोतलं फूल उकलून आत किती पुंकेसर आहेत ते मोजता येत नाही. शीटवरचं येतं. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तो कपाट उघडून बघू शकतो. आजकाल जुन्या शीटच्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढतात. शीट चिकटवणाऱ्याने डीएनए हा शब्द ऐकलेला नव्हता, तरी पुरावा त्याने ठेवला.

गवतच का?

कुकचा फ्लोरा मोठा होता, पण तो क्यूमध्ये बसून पुरा झाला होता. प्रांताचे कितीतरी भाग नीट धुंडाळले गेले नव्हते. ब्लॅटर यांनी हे काम हातात घेतलं. चार्ल्स मॅकॅन नावाचा तरुण निसर्गप्रेमी त्यांना मिळाला. तो कॅसलरॉकला जन्मलेला, रानात भटकण्यात पक्का. १९२६ पासून दोघांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कुकच्या फ्लोराची दुरुस्ती भागाभागांनी छापायला सुरुवात केली.

मधल्या काळात ब्लॅटर स्वस्थ नव्हते. त्यांनी राजस्थान-सिंधच्या वाळवंटाचा फ्लोरा लिहिला, एडनचा लिहिला, अरबस्तानचा लिहिला. द'अल्मेडा यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर १९२२ मध्ये पुस्तक काढलं. भारत आणि सिलोनच्या ताड-माडांवर १९२६ मध्ये. काश्मीरच्या फुलांवर दोन भाग. आपण एका सेमिस्टरमध्ये एक मिनी प्रोजेक्ट करतो आणि वर आठवडाभर झोपतो.

या सगळ्यात गवत सर्वात अवघड. गुलाब ओळखायला पाकळी असते. गवताला पाकळी नाही, वास नाही, मधमाशीला बोलवायचं नाही. परागकण वाऱ्यावर सोडायचे, संपलं. त्यामुळे फूल इतकं लहान की भिंगाशिवाय काही दिसत नाही. धानाच्या लोंबीतला एकेक दाणा म्हणजे एकेक कणिशक. त्याच्या बाहेरची तुसं किती, त्यांवर शिरा किती, टोकाला कुसळ आहे की नाही, पान जिथे ताटाला मिठी मारतं तिथे पातळ पडदा आहे की केस आहेत, यावरून जात ठरते. दोन गवतं लांबून जुळ्या बहिणींसारखी दिसतात आणि भिंगाखाली त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो.

पण इंजिनिअरच्या नजरेने गवत पाहिलं की ते कंटाळवाणं राहत नाही. दोन उदाहरणं देते.

पहिलं धानाचं ताट. ते पोकळ असतं. का? हे शोधणारा माणूसही स्विसच, सायमन श्वेन्डनर, जन्म १८२९. त्याचं गाव बुक्स, ब्लॅटर यांच्याच सेंट गालन प्रांतातलं. १८७४ मध्ये त्याने एक ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की वनस्पतीच्या खोडात मजबूत धागे कुठे ठेवायचे याचा नियम गर्डरच्या नियमासारखाच आहे. वाकताना ताण सर्वात जास्त बाहेरच्या कडेला येतो, मधे जवळपास काही नाही. म्हणून माल बाहेर ठेवायचा. आय-सेक्शनमध्ये फ्लँज जे करतं, ते ताटाच्या सालीजवळचे धागे करतात. आपण हिशोब करून बघू. ताटाचा आतला व्यास बाहेरच्या व्यासाच्या ०.८ पट धरा. तेवढाच माल वापरून भरीव काडी केली तर तिचा व्यास ०.६ पट येईल. दोन्हींचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढा. पोकळ ताट जवळजवळ साडेचार पट कडक निघतं. मालाचा खर्च तोच. आणि गाठी म्हणजे पेरं दर थोड्या अंतरावर, ताट चपटं होऊ नये म्हणून घातलेले स्टिफनर. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या व्हायवाला हे उत्तर चालतं की नाही ते ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर बघावं.

दुसरं कुसळी गवत. दिवाळीनंतर ग्राउंडवर क्रिकेट खेळून आलात की सॉक्समध्ये जे टोचतं ते. त्याच्या बीला लांब शेपूट असतं आणि त्याला पीळ असतो. त्या शेपटाच्या पेशींच्या भिंतीत तंतू तिरके गुंडाळलेले असतात. दवाने ओलं झालं की पीळ सुटतो, उन्हात वाळलं की परत बसतो. बीचं टोक अणकुचीदार आणि त्यावरचे केस मागे वळलेले. म्हणजे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. रोज रात्री-दिवसाच्या ओल्या-सुक्या फेऱ्यांत बी स्वतःच जमिनीत ड्रिल होत जातं. मोटर नाही, बॅटरी नाही. बायमेटल पट्टी उष्णतेने वाकते, ही ओलाव्याने वळते, एवढाच फरक. आपला सॉक्स हा त्याला जमिनीसारखाच वाटतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

पुस्तक आलं, फादर नव्हते

तब्येत साथ देईना म्हणून ब्लॅटर पुढे पाचगणीला राहिले. डॉक्टरांनी विश्रांती म्हटली असेल, पण त्यांनी पाचगणीचं पठार पालथं घातलं. तिथून आणि आसपासच्या घाटांतून नव्या जाती शोधून त्यांची वर्णनं लिहिली. त्यांनी नोंदवलेली 'इफिजीनिया स्टेलाटा' ही छोटी कंदवर्गीय वनस्पती आजही त्यांच्याच नावाने लिहिली जाते. एका गवताला त्यांनी मॅकॅनचं नाव दिलं, 'डायकॅन्थियम मॅकॅनी'. ज्येष्ठाने आपल्या ज्युनिअरचं नाव अशा प्रकारे कायमचं करून ठेवावं, हे मला मोठेपणाचं वाटतं.

२६ मे १९३४ रोजी ब्लॅटर वारले. ५६ वर्षांचे होते. 'द बॉम्बे ग्रासेस' हे दोघांचं गवतांचं पुस्तक १९३५ मध्ये निघालं. फ्लोराच्या दुरुस्तीचे शेवटचे भागही १९३५ मधलेच. झाडांचं जे पुस्तक मी शाळेत पाहिलं ते १९३७ चं. त्यातलं काहीच छापलेलं बघायला ते नव्हते.

आणि पुढे काय झालं? पुढच्यांनी त्यांच्या चुका काढल्या. १९६० मध्ये बोर यांनी भारत-ब्रह्मदेशाच्या गवतांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात जुन्या पुस्तकांतली कितीतरी नावं बदलली, काही रद्द झाली. झेवियर्समध्ये त्यांच्यानंतर फादर सांतापाव आले. ते स्पॅनिश, कारण महायुद्धानंतर मुंबईचं मिशन स्पॅनिश जेझुइटांकडे गेलं होतं. त्यांनीही ब्लॅटरचं काम तपासलं, दुरुस्त केलं आणि वाढवलं. पुढे ते बोटॅनिकल सर्व्हेचे डायरेक्टर झाले.

मला वाटतं ब्लॅटर यांचं खरं काम हेच आहे. स्वतःला दुरुस्त करता येईल इतका पुरावा त्यांनी मागे ठेवला. कुकने ग्रॅहम आणि डालझेलला तपासलं, ब्लॅटरने कुकला, सांतापाव आणि बोर यांनी ब्लॅटरला. प्रत्येकाला ते जमलं कारण कपाटात शीट होती आणि शीटवर लेबल होतं. ज्याची नोंद नाही, त्याची चूकसुद्धा काढता येत नाही.

आपलं नाव कुठे?

या गोष्टीत सगळे साहेब आणि फादरच आहेत असं वाटू नये. लेबलं नीट वाचली की आपली माणसं दिसतात. सोनघंटा नावाची सुंदर दुर्मिळ वनस्पती आहे. तिचं शास्त्रीय नाव 'अब्युटिलॉन रानडेई', ती गोळा करणाऱ्या रानडे यांच्यावरून १८९४ मध्ये ठेवलेलं. गवतांचा 'भिडिया' नावाचा अख्खा गट पुण्याच्या भिडे यांच्या नावाने आहे. सिंधू नदीच्या मुखाचा फ्लोरा लिहिताना ब्लॅटर आणि मॅकॅन यांच्या जोडीला तिसरं नाव आहे सबनीस. कानिटकर आणि त्यांचं उद्गारचिन्ह तर वर आलंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कुक आणि ब्लॅटर यांच्या पुस्तकांत भंडारा नाही. त्यांचं काम मुंबई इलाख्यापुरतं होतं, त्यात कराची होती, कारवार होतं, पण आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो. १९५६ पर्यंत आपली राजधानी मुंबई नव्हती, नागपूर होती. सरकारी नकाशा बदलला तरी गवताची पुस्तकं लगेच बदलत नाहीत. संपूर्ण महाराष्ट्र राज्याचा फ्लोरा बोटॅनिकल सर्व्हेने काढला, त्यातला गवतांचा समावेश असलेला खंड १९९६ चा आहे. म्हणजे 'द बॉम्बे ग्रासेस' नंतर ६१ वर्षांनी.

आणि आपल्याकडे नोंदवण्यासारखं काय नाही! कोहळी समाजाने बांधलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जिल्ह्यात जागोजागी आहेत. त्यांच्या काठाला धानाची एक रानटी जात उगवते. शाळेत मी डॅफोडिलची कविता पाठ केली, डॅफोडिल आजपर्यंत पाहिलेलं नाही. हे रानटी धान मात्र बसच्या खिडकीतून कितीदा दिसायचं आणि त्याला नाव असेल असंही मनात आलं नव्हतं. नाव सांगितलं आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनकाकांनी. "हे तं देवधान होय बेटा. याले कोणी पेरत नाही, आपोआप येते. पिकलं का आपोआप पडते बी." दोन वाक्यांत त्यांनी 'ओरायझा रुफिपोगॉन'चं मुख्य लक्षण सांगितलं. शेतातलं धान लोंबीला धरून राहतं म्हणून आपण कापू शकतो. रानटी धानाचा दाणा पिकला की झडतो. माणसाने हजारो वर्षं निवड करून ती झडण्याची सवय मोडली आणि त्यातून आपला भात आला. ऋषिपंचमीला नांगरलेलं खायचं नाही अशी रीत आहे, त्या दिवशी हे देवधान चालतं, असं मेसच्या काकूंनी सांगितलं. धानाची नवी जात काढणाऱ्या शास्त्रज्ञांना असे रानटी नातेवाईक लागतात, कारण पूर आणि रोग सोसायचे गुण त्यांच्यात टिकून असतात.

हे देवधान टिकेलच याची खात्री नाही. तलावाचा गाळ मशिनने सरसकट उपसला की काठाची मुळं निघून जातात, आणि मोकळ्या काठावर बेशरम पसरते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला काही गावांतल्या महिलांनी तलावात उतरून बेशरम उपटली आणि जुन्या पाणवनस्पती परत लावल्या, कारण त्यांच्याशिवाय मासे राहत नाहीत. त्यांना कोणती वनस्पती परत लावायची ते माहीत होतं, कारण घरात ते ज्ञान होतं. ज्या गावात ते सांगणारं कोणी उरणार नाही, तिथे काय करायचं? गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, पुढे वैनगंगेचा केवढा काठ पाण्याखाली गेला. धरण हवं की नको हा या लेखाचा विषय नाही, उद्या आपणच धरणं बांधणार आहोत. विषय एवढाच की पाण्याखाली काय गेलं ते सांगायला काठावरच्या गवताची शीट लागते. आठवण सांगून चालत नाही.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. दरवर्षी आपला एनएसएस कॅम्प एखाद्या गावात जातो. रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, सात दिवसांनी परत येतो. या वेळी त्यात एक दिवस गावच्या तलावासाठी ठेवू. ड्रॉइंग हॉलमध्ये जुने ड्रॉइंग बोर्ड धूळ खात पडलेत, दोन बोर्ड आणि दोन पट्टे म्हणजे उत्तम प्रेस. मेसच्या रद्दीचा कागद फुकट. अभयारण्यात परवानगीशिवाय काही तोडायचं नाही. तलावाच्या काठावर ग्रामपंचायतीला विचारून दोन-चार काड्या घ्यायच्या. ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही, ते काम जवळच्या सायन्स कॉलेजचा बॉटनी विभाग करेल. आपलं काम लेबल नीट लिहिण्याचं. गाव, तारीख, पाण्याची खोली, गावातलं नाव.

आणि त्या लेबलमध्ये मी एक रकाना वाढवीन, 'नाव कोणी सांगितलं'. तिथे वॉचमनकाकांचं नाव येईल, पुढे उद्गारचिन्ह. कारण ते देवधान त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे.